माहूरचं मातृतीर्थ: एका दिवसाचा हिशेब

माहूरला जाणारे बरेचजण गडावरूनच परततात. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता, वेळ उरला तर रामगड, आणि मग एसटी पकडायची घाई. रानाच्या कुशीतलं मातृतीर्थ राहून जातं. परशुरामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली, तरी तळ्याकाठी दोन-तीन तास निवांत बसण्यासाठी जावं अशी ही जागा आहे. नांदेडहून हे एका दिवसात जमतं. किती खर्च येतो ते पाहू.

एसटीने गेलात तर

नांदेड ते माहूर अंतर साधारण 130 किलोमीटर आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा दर टप्प्याला 10 रुपये 5 पैसे झाला. 22 टप्पे धरले तर एका बाजूचे सुमारे 221 रुपये, जाऊन-येऊन 442. अधिभार आणि गाडीचा मार्ग यांमुळे आकडा थोडा मागे-पुढे होईल.

सवलती विसरू नका. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं आणि 75 च्या पुढे प्रवास मोफत, मात्र ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. आदिलाबादकडून येणाऱ्या तेलंगणाच्या बसमध्ये आपल्या एसटीची सवलत चालत नाही, म्हणून चढण्याआधी गाडी कुणाची ते पाहा. शक्यतो थेट गाडी धरा. मध्ये गाडी बदलली की टप्पे नव्याने मोजले जातात आणि तिकीट थोडं वाढू शकतं.

आदिलाबाद मार्गावरच्या रेल्वेने किनवटपर्यंतही जाता येतं. तिथून माहूर पन्नासेक किलोमीटर, म्हणजे नऊ टप्पे, 90 रुपये. पण एका दिवसात परतायचं असेल, तर रेल्वे आणि एसटीच्या वेळा आधी जुळवून बघा.

खिसा हलका होतो तो शेवटी

खरा खर्च माहूर बसस्थानकावर सुरू होतो. तळं, मंदिरं आणि लेणी एका ओळीत नाहीत, त्यामुळे जीप किंवा रिक्षा लागतेच. चौघांसाठी 500 रुपये वेगळे काढून ठेवा. भाव ठरवताना ‘गडावर नेता का?’ एवढंच विचारू नका. मातृतीर्थावर किती वेळ थांबायचं तेही आधी सांगा. नाहीतर दहा मिनिटांत हॉर्न वाजायला लागतो, आणि ज्यासाठी आलो तेच राहतं.

चौघांचा हिशेब

दोन पुरुष आणि दोन महिला असं कुटुंब धरू. एसटीचे 1,326, जीपचे 500, चहापाणी आणि नारळ-तांबूल मिळून 300. एकूण सुमारे 2,130 रुपये.

स्वतःच्या कारने माहूरमधली फिरती धरून 280 किलोमीटर होतात. लिटरला 16 किलोमीटर आणि पेट्रोल 106 रुपये धरलं, तर 1,855. त्यात वरचे 300 मिळवले की 2,155. म्हणजे फरक पंचवीस रुपयांचा!

आता माणसं बदलून बघा. दोन महिलांपैकी एक पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी असेल, तर एसटीने जाण्याचा सगळा मिळून खर्च 1,905 वर येतो. तीन महिला आणि एक पुरुष असतील तरीही तेवढाच. उलट पहिल्या चौघांत तिकीट लागणारं पाचवं माणूस वाढलं तर कार स्वस्त पडते, कारण पाचव्याचं पेट्रोल वेगळं लागत नाही. तेव्हा आधी घरातली माणसं मोजा, गाडी मग ठरवा.

दिवस आणि वेळ

नवरात्र, दत्तजयंती, राखी पौर्णिमेची परिक्रमा आणि इतर पौर्णिमा टाळा. मंगळवार-शुक्रवारी देवीची गर्दी असते, गुरुवारी दत्ताची, शनिवार-रविवारी सुट्टीची. राहतात सोमवार आणि बुधवार.

ऑगस्ट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये सागाची पानं झडलेली असतात आणि सावली शोधावी लागते. एसटीला चार तास धरून पहाटे सहाला निघा. दहाला पोचल्यावर आधी तळं गाठा, देवदर्शन नंतर. माहूरला उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या.

सोबत काय न्याल

धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माणशी दोन लिटर पाणी. घरचा डबा नेला की चौघांच्या जेवणाचे पैसे वाचतात. डबा उघडताना माकडांकडे लक्ष असू द्या. तळ्यात उतरू नका, लहान मुलांचा हात सोडू नका. रानात चूल पेटवू नका. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ, तेव्हा बिडी-काडीसुद्धा नको.

लातूरकरांसाठी

लातूरहून माहूर एका बाजूला जवळपास 270 किलोमीटर पडतं. त्यासाठी एक मुक्काम धरावा. एकाच दिवसात परतायचं असेल, तर चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट गाठा. तिथे तळं नाही, पण वनौषधींची टेकडी आहे. अंतर चाळीसेक किलोमीटर, सात टप्पे. पुरुषाचे जाऊन-येऊन 140, महिलेचे 70. सप्टेंबरात उत्तरा नक्षत्राच्या दिवसांत वनस्पतींसाठी गर्दी होते, शांतता हवी तर ते दिवस सोडा. झाडपाला उपटून घरी आणू नका. उदगीरजवळ देवर्जनचं हत्तीबेट हाही चांगला पर्याय आहे. लातूर-उदगीर बारा टप्पे, म्हणजे एका बाजूचे 120 रुपये, पुढचं वाहन वेगळं.

नांदेडकरांना माहूर लांब वाटत असेल, तर कंधारचा जगत्तुंग समुद्र पन्नासेक किलोमीटरवर आहे. एका बाजूच्या 90 रुपयांत किल्लाही होतो आणि पाणीही. रानाची सावली मात्र तिथे मिळणार नाही. ती हवी असेल, तर वरचे 131 रुपये आणि पहाटेची झोप मोजून माहूरच गाठावं.