मानव विकास व कौटुंबिक अभ्यास : पदवीनंतर काय?



आमच्या बँकेत एक गृहस्थ मुलीच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करण्यासाठी आले होते. मुलीला परभणीला प्रवेश मिळत होता. ते म्हणाले, "साहेब, स्वयंपाक-शिवण शिकायला कर्ज कशाला? ते तिची आई शिकवेल की!" हा गैरसमज त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून हा लेख.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान (पूर्वीचे गृहविज्ञान) महाविद्यालय असून त्यात हा विभाग आहे. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणसाची वाढ कशी होते, मूल बोलण्या-चालण्यात मागे पडत असेल तर ते कसे ओळखावे, घरातील ताणतणाव कसे हाताळावेत, हा या विषयाचा गाभा होय.

याचा सर्वांत मोठा उपयोग एकात्मिक बालविकास सेवा योजनेत होतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी ती सुरू झाली. अंगणवाडी हे तिचे आपल्या गल्लीतील रूप. आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या आईचे मूल तिच्या सुपाजवळच वाढते. त्याचे वजन, बोलणे, खेळणे पाहणारे जाणते माणूस तेथे हवे. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका आणि तिच्यावरचा बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदे म्हणूनच महत्त्वाची आहेत. यांपैकी दुसऱ्या पदाची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. अभ्यास पहिल्या वर्षापासूनच सुरू करावा.

निराधार बालकांचे काम आपल्या जिल्ह्याला नवे नाही. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ सालचा. आज बालगृहे व दत्तक संस्थांत समुपदेशक लागतात. पाळणाघरांचेही तसेच. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. प्रत्यक्षात किती ठिकाणी ती दिसते, हा प्रश्न वेगळा!

दोन वाटांवर मात्र केवळ ही पदवी पुरत नाही. मतिमंद वा कर्णबधिर मुलांना शिकवायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम व नोंदणी लागते. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक व्हायचे तर बहुधा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात.

आणखी एक. पदवीचे नाव बदलले, पण काही जाहिरातींत अजून 'गृहविज्ञान' असेच छापून येते. अर्ज भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून समकक्षतेचा दाखला घेऊन ठेवावा. त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितले. कर्जाचा अर्ज त्यांनी घडी करून खिशात घातला, आणि आठ दिवसांनी भरून आणला.