परतीच्या प्रवासाची शिदोरी

माझी आत्तेबहीण कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात ती महिनाभराच्या रजेवर गावी आली होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला पोचवायला मी आत्याबरोबर नागपूरच्या विमानतळावर गेलो. आत्याने दोन दिवस खपून तिच्यासाठी लाडू, तांदळाचे पापड आणि लाखोळीची डाळ बांधून दिली होती. चार दिवसांनी ताईचा फोन आला. दिल्लीहून पुढे सलग सोळा तास विमानात बसून तिचे पाय सुजले होते, रात्री झोप येत नव्हती आणि भर दुपारी डोळे मिटत होते. "घरी पोचले, पण जीव अजून पोचला नाही," असे ती म्हणाली. आत्याला त्यातला 'घरी' हा शब्द लागला. "घर तर इथे आहे," असे ती नंतर मला हळूच म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी तलावाच्या पाळीवर गेलो होतो. समोर पाण्याच्या कडेला तीस-पस्तीस पाहुणे बसले होते. त्यांचीही रजा संपत आली होती आणि त्यांनाही लांबचे उड्डाण करून घर गाठायचे होते. त्या दिवसापासून या परतीच्या प्रवासाविषयी मिळेल ते वाचण्याचा मला नाद लागला. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे, पक्षिशास्त्राचा नव्हे. तरीही जे समजले ते माझ्या विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

पाहुणे कोण आणि कुठले?

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पाळी बांधून अडवलेले पाणी आजही आपल्या धानाला पुरते. १९५१ साली मालगुजारी गेली, पण 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव राहिले आणि त्याचे सुटसुटीत रूप 'मामा तलाव' सर्वांच्या तोंडी बसले. सुप्रसिद्ध नवेगाव बांध १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, आता तो गोंदिया जिल्ह्यात आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावला राहून तेथील पाखरांचा अभ्यास केला आणि मराठीला त्यांची नावे मिळवून दिली. २०२५ साली ते निवर्तले.

दर हिवाळ्यात या तलावांवर उत्तरेकडून पाणपक्षी येतात. त्यांत तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक अशा अनेक जाती असतात. मी ज्याच्याविषयी लिहीत आहे तो पट्टकादंब. राखाडी अंगाचा, दोन ते तीन किलो वजनाचा हा रानहंस ओळखायला सोपा आहे, कारण त्याच्या पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे असतात. आमच्या गावात त्याला वेगळे नाव नाही. 'बाहेरची पाखरं' म्हटले की झाले.

बाहेरची म्हणजे कुठली? पट्टकादंबाची वीण लडाख, तिबेट, चीनमधील चिंघाय, किरगिझस्तान आणि मंगोलिया या उंच, थंड प्रदेशांतील सरोवरांकाठी होते. नकाशा उघडून पाहावा. लडाखमधील त्सो मोरीरी हे सरोवर भंडाऱ्याच्या जवळजवळ थेट उत्तरेस, सरळ रेषेत सुमारे तेराशे किलोमीटरवर आहे. मध्य मंगोलियातील सरोवरे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर आहेत. भारतातून तिकडे जायचे तर मध्ये हिमालय उभा आहे.

निघण्याची वेळ कोण सांगतो?

ताईच्या तिकिटावर तारीख छापलेली होती. पाखराला ती कशी कळते? उन्हाळा लागतो म्हणून ते जाते, असे आपण सहज म्हणतो. परंतु विल्यम रोवन या संशोधकाने १९२० नंतरच्या दशकात कॅनडातील आल्बर्टा येथे एक साधा प्रयोग केला. त्याने काही लहान पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा 'दिवस' रोज थोडा थोडा वाढवला. थंडी तशीच होती, तरीही त्यांच्या शरीरात वसंतात होणारे विणीचे बदल भर हिवाळ्यात सुरू झाले. म्हणजे पक्ष्याच्या पंचांगात थंडी-उष्णतेपेक्षा दिवसाच्या लांबीला मान मोठा आहे. आपल्याकडे डिसेंबर अखेरीस दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास जातो. दिवस वाढू लागला की पाखराला परतीची चाहूल लागते.

पिंजऱ्यातले स्थलांतरी पक्षीसुद्धा या दिवसांत रात्री स्वस्थ बसत नाहीत, पंख फडफडवत राहतात, असे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. मी ही गोष्ट आमच्या गावच्या एका वृद्ध ढिवरकाकांना मोठ्या उत्साहाने सांगितली. जाळे उकलता उकलता ते म्हणाले, "बापू, हे तुले आता समजलं? जाचे दिवस आले का मंग ते पाखरू रातभर कलकल करते. झोपतच नाही ते." पुस्तकातला शोध काकांनी डोंग्यात बसून केव्हाच लावला होता.

पर्वत ओलांडताना

ताईचे विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, पण आत दाबाखाली हवा भरलेली असते. प्रवाशांना ती फार तर अडीच हजार मीटरच्या डोंगरावर बसल्यासारखी विरळ लागते. एवढ्यानेही माणूस शिणतो. पट्टकादंबाला असे संरक्षण नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आणि तेथे त्याला स्वस्थ बसायचे नसून पंख मारायचे असतात.

यासाठी त्याची शरीररचना वेगळी आहे. इतर हंसांच्या मानाने त्याची फुप्फुसे मोठी आहेत, त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरते आणि उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट आहे. हा पक्षी एव्हरेस्टवरून उडतो अशी त्याची जुनी ख्याती आहे. उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे पाठीवर बांधून केलेल्या अभ्यासात मात्र सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर नोंदली गेली. बहुतेक प्रवास सहा हजार मीटरच्या खालून, खिंडी आणि दऱ्या धरून होतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील एका गोष्टीचे मला फार नवल वाटले. दिवसा हिमालयाच्या उतारावरून वर चढणारे वारे वाहतात. त्यांवर स्वार होऊन पाखरे पलीकडे जात असतील असा तज्ज्ञांचा समज होता. प्रत्यक्षात ती रात्री आणि पहाटे उडतात आणि सुमारे आठ तासांत हिमालयाची चढण न थांबता, केवळ पंखांच्या बळावर पार करतात. रात्रीची हवा थंड, म्हणून दाट असते. पंखाला तिचा आधार चांगला मिळतो, तिच्यात प्राणवायूही अधिक असतो आणि वादळी झोतांचे भय कमी असते.

२०१५ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की एकदा मिळवलेली उंची पाखरू राखून ठेवत नाही. दरी आली की खाली उतरते, डोंगर आला की पुन्हा चढते. हे वेडेपणाचे वाटेल. परंतु विरळ हवेत उंच राहण्यासाठी पंख फार वेगाने मारावे लागतात आणि हृदयावर मोठा ताण पडतो. त्यापेक्षा उतरून पुन्हा चढणे स्वस्त पडते.

शिदोरी कुठे बांधली जाते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढ्या श्रमाला इंधन कोणते? चरबी. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून नऊ. ज्याला आपले ओझे आपणच उचलून न्यायचे आहे त्याच्यासाठी याहून हलकी शिदोरी नाही. शिवाय चरबी जळताना शरीरात पाणीही तयार होते. म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत पाखरू अधाशासारखे चरते. वाटेत ते थांबते, चार घास खाते हे खरे. पण पहिल्या मजलेची पुरचुंडी जिथे हिवाळा काढला तिथेच बांधलेली असते, आणि तिथे ती हलकी पडली तर पुढच्या प्रत्येक मजलेवर ती तूट भरून काढावी लागते. पोचल्यावर लगेच अंडी घालायची असतात, कारण तिकडचा उन्हाळा तोकडा. उशीर झाला तर पिलांना पंख फुटण्याआधी थंडी येऊन ठेपते.

आपण समजतो की ही पाखरे आपल्याकडे सुट्टी घालवायला येतात. खरे पाहता फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे सर्वांत निकडीचे काम आपल्या तलावाकाठी आणि आपल्या बांध्यांमध्ये चालू असते. हे वाचले तेव्हा मला माझीच एक करणी आठवली.

पट्टकादंब दिवसा पाण्याकाठी विसावतो आणि बहुधा रात्री शेतात चरतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या बांधीतली लाखोळी त्यांनी कुरतडली होती. बाबांचे नुकसान झाले, ते मी नाकारीत नाही. मी रात्री डबा वाजवून त्यांना उठवले, ते योग्यच होते. पण माझे तेवढ्याने समाधान झाले नाही. पुढचे आठ दिवस मी मित्रांना घेऊन दिवसाही तलावावर गेलो, खडे मारले, थवा उठला की टाळ्या पिटल्या. पाखरे उठत, घिरट्या घालीत आणि पुन्हा बसत. आम्हाला ती गंमत वाटे. प्रत्येक उड्डाणात त्यांनी रात्री मिळवलेली चरबी जळत होती, म्हणजे आम्ही खड्यागणिक कुणाच्या तरी शिदोरीतला घास काढून घेत होतो. त्यांतली किती पलीकडे पोचली असतील, हा प्रश्न आता मला सोडत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, परंतु खडे मारणाऱ्या पोराला कोणता कायदा आवरणार? ते आपणच करायचे आहे. शेतकऱ्याने उभ्या पिकाची राखण जरूर करावी. कापणी झालेल्या बांधीत आणि तलावाच्या गवताळ काठावर मात्र पाखराला निवांत चरू द्यावे. तलावात बेशरमचे रान माजू देऊ नये, आणि गाळ काढताना काठावरचे सगळेच गवत खरवडून टाकू नये. सहलीला आणि फोटो काढायला जाणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये पाळीवरूनच पाहावे, थवा उठेल इतके जवळ जाऊ नये. यात खर्च कसलाच नाही.

यंदा मी एक वही घातली आहे. रोज संध्याकाळी पाळीवरून संख्या मोजून लिहितो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात छत्तीस होती, नंतर एकोणीस झाली. चौदा मार्चच्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला वरून जाणारा त्यांचा आवाज ऐकू आला. मी अंगणात आलो तोवर आवाज उत्तरेकडे विरला होता. सकाळी तलावावर एकही पट्टकादंब नव्हता. वहीत मी शून्य लिहिले आणि पुढे तारीख घातली.

ढिवरकाकांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "पोट भरून गेली का रे?" आत्याही विमानतळावर ताईला शेवटचे हेच विचारत होती, पिशवीत सगळे नीट ठेवलेस ना? घर इथे की तिथे, हा वाद आत्याने त्यानंतर काढला नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी तिने लाखोळीची डाळ आतापासूनच बाजूला काढून ठेवली आहे.