मालमोटारीचा सारथी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर भवानीनगर हे गाव वसले आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या परिसरात उसाचे मळे फुलले आणि श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे गावाचे नाव दूरवर गेले. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्याची वाट धरतात. आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी याच भागातून पंढरपुराकडे जाते. तेव्हा हा रस्ता वारकऱ्यांचा असतो आणि अवजड वाहनांना दुसऱ्या वाटेने वळवले जाते. एरवी मात्र रात्रंदिवस येथून मालमोटारींची ये-जा चालू असते.

बैलगाडीची वाट शेतापासून कारखान्यापर्यंतची. मालमोटारीची वाट राज्याच्या सीमा ओलांडून जाणारी. साखरेची पोती नेणाऱ्या मालमोटारीला चारही बाजूंनी फाळके असतात. परंतु पोलादी नळ्या, यंत्रांचे सुटे भाग, प्रचंड टाक्या असा माल फाळक्यांच्या हौद्यात मावत नाही. त्यासाठी सपाट पाठीचा, उघडा, लांबच लांब ट्रेलर लागतो. त्यावर माल क्रेनने वरून किंवा बाजूने ठेवता येतो. माल ठेवणे सोपे. तो जागच्या जागी राखून शेकडो किलोमीटर नेणे कठीण. हे कठीण काम करणाऱ्या चालकाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

भवानीनगरहून जवळच वालचंदनगर आहे. तेथील कारखान्यात अवजड यंत्रसामग्री तयार होते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन अग्निबाण श्रीहरिकोट्याहून आकाशात झेपावला. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या एस-२०० या बूस्टरांच्या पोलादी आवरणाचे भाग वालचंदनगरला घडले होते. या बूस्टरांचा व्यास ३.२ मीटर आहे. रस्त्यावरील मालवाहू वाहनाची रुंदी मात्र नियमाप्रमाणे २.६ मीटरांहून अधिक असता कामा नये. म्हणून इतका रुंद माल रस्त्याने न्यायचा तर आधी खास परवानगी घ्यावी लागते आणि मग संथ गतीने, अतिशय जपून मार्ग काटावा लागतो. चंद्राकडे निघालेल्या वस्तूचा आरंभीचा प्रवासही जमिनीवरच्या चाकांवरूनच होतो, हे आपण विसरता कामा नये.

चालक होणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. मालवाहू वाहन चालवण्यास वयाची वीस वर्षे पुरी व्हावी लागतात. शिवाय हलके वाहन चालवण्याचा परवाना आधी किमान एक वर्ष हाती असावा लागतो. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. अट गेली म्हणून शिक्षणाची गरज मात्र गेली नाही. मालाची बिल्टी वाचणे, वजनाची पावती पडताळणे, खर्चाचा हिशेब लिहिणे, परप्रांतातील फलकांवरून दिशा ओळखणे या गोष्टी अक्षरओळखीवाचून कशा साधणार?

आता आपण एका खेपेचा विचार करू. समजा, भवानीनगरच्या एका चालकाला बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून पोलादी नळ्या घेऊन हैदराबादला जायचे आहे. अंतर साडेचारशे किलोमीटरांहून थोडे अधिक. क्रेन नळ्यांचे जुडगे उचलून ट्रेलरवर ठेवते. कडेला पोलादी खुंट उभे केलेले असतात. नळ्यांखाली लाकडी ठोकळे बसवतात, वरून साखळदंड टाकतात आणि ते करकचून आवळतात.

इतकी दक्षता कशासाठी? विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही जडत्वाचा नियम शिकला असाल. गतिमान वस्तूला कोणी थांबवले नाही, तर ती आपली गती सोडत नाही. चालकाने एकाएकी ब्रेक दाबला तर ट्रेलर थांबेल. पण नीट न बांधलेली नळी पुढेच सरकू पाहील. तिच्या पुढ्यात असते ती चालकाची केबिन! विज्ञानाचा जो नियम आपण परीक्षेसाठी पाठ करतो, तो या माणसाच्या पाठीशीच बसलेला असतो.

गाडी भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी ही गावे मागे टाकते आणि इंदापुराजवळ पुणे-सोलापूर महामार्गाला लागते. थोडे पुढे गेल्यावर चालक ती कडेला घेतो. सोबतचा तरुण क्लीनर कुरकुरतो,

"वस्ताद, साखळ्या निघतानाच आवळल्या होत्या की!"

"आवळल्या होत्या खऱ्या," चालक म्हणतो, "पण गाडी हादरली की माल खाली बसतो आणि साखळी सैल पडते. डोळ्यांनी नको सांगूस. हात लावून बघ."

क्लीनर हात लावून बघतो. मधली साखळी खरोखरच ढिली झालेली असते. तो मुकाट्याने खाली उतरतो आणि पहार आणतो.

पुढे उजनी धरणाजवळ भीमा नदी ओलांडून गाडी टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर असा मार्ग आक्रमते. नळदुर्ग आणि उमरगा मागे पडले, की मराठी फलकांची जागा कन्नड फलक घेतात, हुमनाबाद येते. आणखी पुढे जहीराबादपासून तेलुगू अक्षरे दिसू लागतात. एकाच खेपेत तीन राज्ये आणि तीन लिप्या! चालकाला या साऱ्या भाषा बोलता येतात असे नाही. परंतु पाणी, जेवण, रस्ता आणि दुरुस्ती यांपुरते शब्द त्याने प्रत्येक भाषेतून गोळा केलेले असतात.

या प्रवासातील सर्वांत मोठा शत्रू कोणता? घाट नव्हे, पाऊस नव्हे. तो शत्रू म्हणजे झोप. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. चालकाचा डोळा अवघे तीन सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या ५० मीटरांत तिला कोणी चालवत नसते. म्हणून जाणता चालक डोळे जड होऊ लागताच ढाब्यापाशी गाडी उभी करतो आणि तास-दोन तास पाठ टेकतो. उशीर झाल्याबद्दल बोलणी खावी लागली, तरी तो ती खातो.

परंतु प्रत्येकाला असे थांबणे परवडते काय? येथेच मिळकतीचा प्रश्न उभा राहतो. काही चालकांना महिन्याचा ठरावीक पगार असतो आणि बाहेरगावच्या दिवसांसाठी वेगळा भत्ता मिळतो. काहींचे मोल दर खेपेला ठरते. निघताना मालक खर्चासाठी काही रक्कम हाती देतो. डिझेल, पंक्चर, हमाली यांवर झालेला खर्च चालक वहीत टिपून ठेवतो आणि परतल्यावर हिशेब देतो. ज्याची गाडी स्वतःची असते, त्याला यांशिवाय कर्जाच्या हप्त्याची चिंता असते.

खेपेवर ठरलेल्या मोलाचे एक उदाहरण पाहू. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका खेपेचे चालकाला ३,००० रुपये ठरले आणि त्याचा रोजचा जेवणखर्च २०० रुपये आहे. जाऊन येण्यास चार दिवस लागले, तर जेवणाचे ८०० रुपये वजा जाता २,२०० रुपये उरतील. म्हणजे दिवसाला ५५० रुपये. आता समजा, माल उतरवून घेणाऱ्याच्या फाटकाबाहेर दोन दिवस ताटकळावे लागले. मग दिवस झाले सहा आणि जेवणखर्च झाला १,२००. उरले १,८००, म्हणजे दिवसाला अवघे ३०० रुपये. चालकाने काम चुकवले नाही, माल सुखरूप आणला. तरीही त्याची रोजची मिळकत जवळजवळ निम्म्यावर आली. चाक फिरले तर मोल, चाक थांबले तर तोटा, असा हा व्यवहार आहे. फाटकाबाहेर गेलेले दोन दिवस भरून काढण्यासाठी मग तो पुढच्या खेपेत झोप कमी करतो. त्या तीन सेकंदांच्या डुलकीचे मूळ पुष्कळदा रस्त्यावर नसते. ते दूरच्या एखाद्या फाटकाबाहेरच्या रांगेत असते.

पूर्वी राज्याराज्यांच्या सीमेवर करतपासणीसाठी मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि करतपासणीची नाकी बहुतेक राज्यांनी उठवली. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावर सुटे पैसे मोजण्याची खोटी टळली. रस्त्यावरचा वेळ वाचला खरा. तथापि माल भरताना आणि उतरवताना जाणारा वेळ वाचवण्यास यंत्र पुरत नाही. तेथे दुसऱ्याच्या वेळाची किंमत जाणणारा माणूसच असावा लागतो.

चालकाच्या विश्रांतीचा विचार कायद्याने केलाच नाही, असे मात्र नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याला एक सुटी असे नियम त्यात घालून दिले होते. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी परवानगीने दहा तासांपर्यंत काम करण्याची मुभा होती. पुढे हा कायदा २०२० सालच्या कामगार संहितेत सामावला गेला. परंतु मूळ कायदा पाच किंवा त्याहून अधिक मोटार कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक पुष्कळ. त्यांच्या चालकांपर्यंत कायद्याचा हात सहसा पोचला नाही. आणि जो स्वतःच मालक व स्वतःच चालक, त्याला विश्रांती घे म्हणून कोण सांगणार?

सुधारणा हळूहळू होत आहेत. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीजवळ बसून गाडी हाकणे ही मोठी शिक्षाच असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम सरकारने केला आहे. जुन्या गाड्यांचे चालक मात्र अजून कितीतरी वर्षे खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावरच विसंबून राहतील.

या सर्वांहून एक गोष्ट अशी, की जिचा आकडा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. मुलाचा निकाल लागतो, घरी पाहुणे येतात, दिवाळीची पहिली अंघोळ होते, आणि घरचा कर्ता पुरुष कोठेतरी उमरग्याजवळ गाडीखाली शिरून नट आवळत असतो. संध्याकाळी फोनवर तो विचारतो, "आईचे औषध आणले का? अभ्यास झाला का?" मुलगा "हो" म्हणतो. एवढ्या दोन प्रश्नांत बापाला त्या दिवसाचे सारे घर भेटलेले असते.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या छपराचे पोलादी खांब, गावच्या पाणीयोजनेच्या नळ्या, शेतातील यंत्रे या सर्व वस्तू कोणीतरी जागून, जपून तुमच्यापर्यंत आणलेल्या आहेत. त्यांची किंमत सांगताना आपण लोखंडाचा भाव सांगतो. वाहून आणणाऱ्याच्या जागरणाचा भाव सांगत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी कारखाना चालवील, कोणी गोदामाचा कारभार पाहील, कोणी स्वतःची गाडी घेईल. तुमच्या फाटकाशी मालमोटार येऊन उभी राहिली, तर ती वेळेवर मोकळी करा. उशीर तुमच्याकडून झाला, तर त्या वेळाचे दाम मोजा. चालकाला पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि पाठ टेकण्यापुरती सावली द्या. हे उपकार नव्हेत, त्याच्या कामाचे ते मोल आहे. विसावलेला चालक रस्त्यावर आला, तर त्याच रस्त्याने शाळेला जाणारी मुलेही सुखरूप घरी पोचतात.

शब्दार्थ

मालमोटार – माल वाहून नेणारी मोटार, ट्रक
फाळका – मालमोटारीच्या बाजूची उघडझाप करता येणारी फळी
खेप – माल घेऊन केलेली एक फेरी
बिल्टी – मालाचा तपशील असलेली वाहतुकीची पावती
ताटकळणे – कंटाळा येईपर्यंत वाट पाहत राहणे
खोटी – कामाचा खोळंबा

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोलादी नळ्या नेण्यासाठी सपाट पाठीचा ट्रेलर का लागतो?
(आ) चालकाने वाटेत गाडी थांबवून साखळ्या का तपासल्या?
(इ) १९६१ च्या कायद्याचा लाभ अनेक चालकांना का मिळाला नाही?

२. "त्या तीन सेकंदांच्या डुलकीचे मूळ पुष्कळदा रस्त्यावर नसते." या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

३. पाठातील उदाहरणात चालकाला फाटकाबाहेर चार दिवस थांबावे लागले, तर त्याला दिवसाला किती रुपये उरतील?

४. वाक्यांत उपयोग करा : मार्ग आक्रमणे, पाठ टेकणे, डोळा लागणे, बोलणी खाणे.

५. तुमच्या गावातील एखाद्या वाहनचालकाची भेट घ्या. त्यांचा एक दिवस त्यांच्याच तोंडून ऐका आणि आपल्या शब्दांत लिहून काढा.