अल्पदृष्टी : तपासणी आणि पुनर्वसन

डोळ्यांच्या बाबतीत माणसांचे दोनच वर्ग मानण्याची आपल्याला सवय आहे. एक डोळस आणि दुसरा आंधळा. परंतु या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे आणि त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. औषधोपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, चष्म्याचा नंबरही काढून झाला, तरी ज्यांना पुरेसे दिसत नाही, पण थोडे निश्चित दिसते, अशी ही माणसे. यांनाच अल्पदृष्टी असलेल्या व्यक्ती म्हणतात. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारे आहोत. तथापि हा विषय घराघराशी निगडित असल्याने वाचनातून व विचारपुशीतून मिळालेली माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अल्पदृष्टी कशाला म्हणावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये याची व्याख्या दिलेली आहे. योग्य चष्मा लावूनही दोहोंपैकी चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पासून खाली ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. त्याहून कमी असल्यास अंधत्व. ६/१८ म्हणजे काय? निकोप नजरेचा माणूस जे अक्षर १८ मीटरवरून ओळखतो, ते ओळखण्यासाठी या व्यक्तीला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते.

अल्पदृष्टीचेही प्रकार आहेत. दृष्टिपटलाचा मध्यभाग बिघडला तर समोरच्या माणसाचा चेहरा आणि पुस्तकातील अक्षर दिसत नाही, पण बाजूचे दिसते. म्हातारपणी होणाऱ्या दृष्टिपटलाच्या ऱ्हासात असे घडते. याउलट वाढलेल्या काचबिंदूत किंवा रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या आनुवंशिक विकारात कडेचे दिसेनासे होते. नळीतून पाहावे तसे फक्त समोरचे दिसते. असा मनुष्य वर्तमानपत्र वाचतो, पण रस्त्यात माणसांवर आदळतो. मग लोक म्हणतात, "याला दिसते, हा सोंग करतो." संध्याकाळी अडखळत चालणाऱ्याला दारुडा ठरवणारेही आहेत. व्याधीपेक्षा हा आरोप माणसाला अधिक खचवतो.

तपासणी कशी होते?

नेहमीच्या नेत्रतपासणीत "डोळ्याला काय झाले आहे" हे पाहतात. अल्पदृष्टीच्या तपासणीत पहिला प्रश्न निराळा असतो : "तुम्हाला काय करता येत नाही, आणि काय करावेसे वाटते?" कोणाला बसची पाटी वाचायची असते, कोणाला तांदूळ निवडायचे असतात, कोणाला फळा पाहायचा असतो. या उत्तरावर पुढील सर्व उपाय अवलंबून राहतात.

त्यानंतर चष्म्याचा नंबर पुन्हा काळजीपूर्वक काढतात, कारण बऱ्याच वेळा नुसत्या योग्य चष्म्यानेच नजर सुधारते. हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेला अक्षरतक्ता आपल्या परिचयाचा आहे. त्यावरील सर्वांत मोठे अक्षरही दिसले नाही तर "दिसत नाही" असा शेरा मारून थांबत नाहीत, तर तक्ता जवळ आणून मोजमाप घेतात. जवळचे वाचन, दृष्टिक्षेत्र, उजेड व तिरीप कितपत सोसते, हेही पाहतात. फिकट अक्षरे ओळखण्याची क्षमता वेगळी तपासतात. काळेभोर अक्षर वाचणाऱ्या माणसाला करड्या पायरीची कड दिसेलच असे नाही.

पुनर्वसनाची साधने

पहिले साधन भिंग. भिंगाची शक्ती जितकी जास्त, तितके ते वस्तूजवळ धरावे लागते. २० नंबरचे भिंग मजकुरापासून ५ सेंटिमीटरवर धरावे लागते, १० नंबरचे १० सेंटिमीटरवर. हे न शिकवता भिंग हाती दिले तर ते चार दिवसांत कपाटात पडते. म्हणून भिंगाइतकाच सराव महत्त्वाचा. दूरच्या पाटीसाठी लहान दुर्बीण असते. ज्यांचा मध्यभाग गेला आहे त्यांना नजर किंचित बाजूला ठेवून पाहण्याची सवय लावतात.

दुसरी साधने अल्पखर्चाची आहेत. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच कापली की वाचताना ओळ चुकत नाही. तशीच खाच सहीएवढी कापली तर सही चौकटीत बसते. डोळ्यांवर न येता पुस्तकावर पडणारा दिवा, जाड काळ्या शाईचे पेन, ठळक रेघांची वही, उन्हात झापाची टोपी, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा. चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटातील पांढरा भात दिसत नसेल तर गडद रंगाचे ताट द्यावे. आता मोबाइलमध्येही अक्षर मोठे करण्याची व मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते. नोट ओळखून सांगणारे 'मनी' हे अ‍ॅप रिझर्व्ह बँकेने २०२० साली आणले.

मुलांबाबत विशेष

मूल पुस्तक नाकाशी धरते म्हणून आपण त्याला रागावतो. वस्तुतः ४० सेंटिमीटरवरील अक्षर १० सेंटिमीटरवर आणले की डोळ्यात त्याची प्रतिमा चौपट होते. मुलाने स्वतःच शोधलेले ते भिंग आहे, आणि त्याने डोळा बिघडत नाही. मात्र अशा मुलाची तपासणी त्वरित करावी. ते 'ढ' ठरून शाळेतून गळाले, तर जे नुकसान होते ते नजरेने केलेले नसते, आपण केलेले असते. रातांधळेपणाचे काही विकार आनुवंशिक असून नात्यातील विवाहांत त्यांचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल जिथे आहे, तिथे याचा विचार अवश्य व्हावा.

एक गैरसमज

नजर खूप कमी झालेल्या काही वृद्धांना नसलेली माणसे, फुले, नक्षी दिसू लागते. चार्ल्स बॉनेट या स्विस विचारवंताने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत ही गोष्ट नोंदवली. डोळ्यांकडून माहिती कमी पोचली की मेंदू स्वतः चित्रे तयार करतो. हे ना वेड, ना बाहेरची बाधा. अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांना सांगावे आणि वृद्धाला धीर द्यावा.

हक्क

कायद्याप्रमाणे ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास सवलती मिळतात. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेत लेखनिक वा जादा वेळ मिळू शकतो. आमच्या क्षेत्राविषयी सांगायचे तर, चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी दृष्टिबाधित ग्राहकास नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २००८ साली कळवले आहे. शाखेत भिंग ठेवावे व तशी सूचना दर्शनी भागी लावावी, असेही २०१४ साली सांगितले आहे. काउंटरवर पासबुक उलटसुलट करणारे पेन्शनर आम्ही रोज पाहतो. भिंग मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हेच त्यांतील पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.

आपण काय करावे?

१. "आता काही होणार नाही" असे सांगितले गेले, तर "अल्पदृष्टी विभाग कुठे आहे?" असे विचारावे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या मोठ्या नेत्रसंस्थांत असे विभाग आहेत.

२. वस्तीतील नेत्रशिबिरात मोतीबिंदूबरोबर अशा व्यक्तींचीही वेगळी नोंद करावी.

३. मंडळाच्या वाचनालयात एक चांगला दिवा, दोन-तीन भिंगे आणि खाचेचे पुठ्ठे ठेवावेत. याला फार पैसा लागत नाही.

४. घरातील अल्पदृष्टी व्यक्तीचे काम काढून घेऊ नये. ते तिला कसे करता येईल हे पाहावे.

गेलेली नजर परत आणणे प्रत्येक वेळी शक्य नसते. पण उरलेली नजर कामी आणणे शक्य असते. ज्याला थोडे दिसते त्याला "तुला दिसत नाही" असे सांगून घरात बसवणे हा अन्याय आहे, आणि तो थांबवणे आपल्या हाती आहे.