सामाईक भिंत

आमचं गाव उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर गाव जमीनदोस्त झालं. आमची घरं भेगाळली, पण उभी राहिली. ५२ गावं नव्या जागी वसवायची आणि आमच्यासारख्यांनी जुनीच घरं दुरुस्त करायची, असं सरकारी धोरण ठरलं. इथंच गाव दुभंगलं. "या दगडांखाली पुन्हा झोपणार नाही," असं एक बाजू म्हणे. "वाडवडलांची जागा सोडणार नाही," असं दुसरी.

महिला मंडळातून मी संवाद सहायक, म्हणजे दुरुस्तीच्या कामात गावकऱ्यांशी बोलणारी दुवा, झाले आणि हे भांडण जवळून पाहिलं. सभेत हात वर करायला लावून निकाल लागला. दुरुस्तीवाले जास्त भरले, ठराव झाला आणि काम सुरू होताच ठप्प. गावात घर एकट्याचं नसतंच, भिंत सामाईक असते. एक भाऊ माळवदाची माती उतरवायला लागला की दुसरा आडवा येई.

ज्यांचे हात खाली राहिले होते, त्यांच्या घरी बसल्यावर खरी गोष्ट कळली. एक मावशी अजून पत्र्याच्या शेडमध्येच झोपत. त्यांचा राग दुरुस्तीवर नव्हता, भिंतीवर भरवसा नव्हता. मग इंजिनिअरसमोर एका घराच्या भिंतीचे दगड काढायला लावले. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिपा आणि माती. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. मग भोकं पाडून, गज घालून काँक्रीट भरलं, माळवदाचं ओझं कमी केलं. मावशी रोज येऊन गवंड्याला खोदून खोदून विचारायच्या. त्या तयार झाल्या, तेव्हा त्यांची गल्ली तयार झाली.

तेव्हापासून गावातल्या कुठल्याही वादात मी हेच सांगते: पाणंद रस्ता असो की बोअरचं पाणी, हात मोजायची घाई करू नका. गप्प बसलेला माणूस कबूल आहे, असं धरू नका. सासऱ्या-दिरांसमोर सून बोलत नाही. तिला शेतात गाठा. विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा, त्याच्यादेखत सभेत वाचा आणि नीट उतरलंय का, ते त्यालाच विचारा. भाऊबंदकीत तर बारीकसारीकही कागदावर घ्या: आधी कोणाची बाजू उतरवायची, माती कुठं टाकायची, खर्च कोणी करायचा. बहिष्काराची भाषा निघाली, तर त्या रात्री बैठक तिथंच थांबवा. पेरणीत बैठका बंद पडतात, पडू द्या. पण सुगी झाल्यावर पुन्हा कोण बोलावणार, हे उठण्याआधी ठरवा.