किल्ली कोणाच्या हाती?

महोत्सवी अंकात संस्थापकांचे व देणगीदारांचे स्मरण होते, ते योग्यच आहे. परंतु तिजोरीची किल्ली सांभाळणाऱ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून खजिनदाराच्या पदाचा, आणि मोठ्या कंपन्यांत तेच काम करणाऱ्या मुख्य वित्ताधिकाऱ्याच्या पदाचा, आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत.

हिशेबनीस म्हणजे झालेल्या खर्चाची नोंद करणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपला इतिहास मात्र निराळे सांगतो. पेशवाईत फडणीस हा हिशेबाच्या दप्तरावर देखरेख करणारा अधिकारी होता. त्याच पदावरील नाना फडणीस सवाई माधवरावांच्या बालपणी राज्याचे प्रमुख कारभारी झाले. ज्याला जमाखर्च नीट कळतो, त्याला राज्याचे बळ कळते आणि दुबळेपणही कळते.

कंपन्यांतही हेच घडत आले आहे. पूर्वी वित्तप्रमुखाने वर्षाअखेरीस ताळेबंद पुढे ठेवला की त्याचे काम संपे. आता नवा कारखाना काढावा काय, कर्ज किती घ्यावे, लाभांश वाटावा की पैसा राखून ठेवावा, हे ठरण्यापूर्वीच त्याचे मत घेतले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांस पूर्णवेळ मुख्य वित्ताधिकारी नेमणे बंधनकारक केले. वार्षिक हिशेबपत्रकांवर त्याची सहीही लागते.

या सहीचे मोल हैदराबादने पाहिले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तेथील सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्राने कबुली दिली की, वह्यांत दाखविलेल्या रोख व बँकेतील शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. २०१५ साली विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले. त्यांत कंपनीचा माजी वित्तप्रमुखही होता. पुढे अपिलात शिक्षा स्थगित झाल्या. परंतु बँकेत खरोखर किती पैसा आहे, हा साधा प्रश्न वेळीच व परस्पर बँकेलाच विचारला गेला असता तर एवढा अनर्थ वाढला नसता.

आपल्यासारख्या लहान संस्थेस यातून काय घ्यावयाचे? समजा, सभागृहाचे छप्पर गळत आहे आणि विद्यार्थिवेतनाच्या निधीत रक्कम शिल्लक आहे. सभेत कोणी म्हणतो, "तूर्त ती वापरू, पुढे भरून टाकू." हेतू चांगला, माणसे घरचीच. अशा वेळी "ही रक्कम मुलांच्या नावाने घेतली आहे, छपरासाठी निराळी वर्गणी काढू," असे जो खजिनदार शांतपणे सांगतो, तोच संस्थेचे खरे नेतृत्व करतो. त्या दिवशी तो अप्रिय होतो. पण जूनमध्ये एखाद्या मुलाची फी वेळेवर भरली जाते.

असा माणूस मिळाला तरी त्याला बळ द्यावयाचे काम आपले, सभासदांचे आहे. वार्षिक सभेत तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पासबुक आणि वही जुळते काय? ज्या कामासाठी देणगी आली, त्याच कामी ती लागली काय? नवे काम अंगावर घेण्यापूर्वी खजिनदाराचा सल्ला घेतला काय? हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. प्रामाणिक खजिनदार त्यांची वाटच पाहत असतो.