गोबरगॅसचे एंजिन व उष्णतेचा पंप

संध्याकाळी काढलेले दूध सकाळपर्यंत टिकविणे ही दुभती जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याची नित्याची अडचण होय. दूध काढल्यापासून दोनतीन तासांच्या आत ते ४ अंशांपर्यंत थंड झाले तर टिकते. त्याच सुमारास वीज गेली तर दिवसभराची मेहनत नासते. अशा ठिकाणी गोठ्यातील शेणाच्या वायूवर चालणाऱ्या एंजिनाने शीतयंत्र फिरविता येईल काय, आणि त्या एंजिनाकडून पुरेपूर काम कसे घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विहिरीवरील पंप पाणी निर्माण करीत नाही. खालचे पाणी तो वर चढवितो. उष्णतेचा पंपही तसाच आहे. थंड जागेतील उष्णता उपसून तो ती ऊन जागी नेऊन टाकतो. ही कल्पना पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने १८५२ साली मांडली. दूध थंड करणारी टाकी म्हणजे असाच पंप असून दुधातून काढलेली उष्णता तो बहुधा वाऱ्यावर सोडून देतो. तीच उष्णता पाण्यास दिली, तर भांडी धुण्यास ऊन पाणी मिळते. हा पंप बहुधा विजेवर चालतो. परंतु तो वायूच्या एंजिनानेही फिरतो. जपानात अशी यंत्रे १९८७ सालापासून विक्रीस आली.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. एंजिनात वाया जाणारी उष्णता आपण पाणी तापविण्यास घेतोच, तेव्हा एंजिन उत्तम चालले काय आणि मध्यम चालले काय, सारखेच, असे पुष्कळांस वाटते. हिशेब करून पाहिल्यास तसे दिसत नाही. वायूतील उष्णतेचे १०० भाग धरावे. मध्यम एंजिनात त्यांपैकी २५ भाग चाकावर येतात व ७५ भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. त्यांतून शेकडा ६५ प्रमाणे सुमारे ४९ भाग पाण्यास मिळतात. चाकावरील एका भागाच्या बळावर पंप दुधातून ३ भाग उष्णता काढतो आणि ऊन बाजूस ४ भाग देतो असे धरल्यास, २५ भागांचे १०० होतात. एकूण १४९. आता सुधारलेले एंजिन घ्या. चाकावर ३२ भाग आले, तर पंपाकडून १२८ व एंजिनाच्या उष्णतेतून ४४, मिळून १७२ भाग होतात. दुधातून निघणारी उष्णता तर ७५ भागांवरून ९६ वर जाते. तात्पर्य, चाकावर आलेला भाग पंपात चौपट होतो आणि पाण्यात गेलेला भाग पुरता एकही राहत नाही. म्हणून प्रथम एंजिन सुधारावे, मग उष्णता गोळा करावी.

यंत्र घेण्यापूर्वी गोठा मोजावा. एका मोठ्या जनावराचे रोज सुमारे १० किलो शेण मिळते आणि किलोमागे ०.०४ घनमीटर, म्हणजे जनावरामागे ०.४ घनमीटर वायू होतो. एका अश्वशक्तीस ताशी सुमारे ०.४५ घनमीटर वायू लागतो. ५ अश्वशक्तीचे एंजिन सकाळी दोन व संध्याकाळी दोन तास चालवावयाचे तर रोज ९ घनमीटर वायू, म्हणजे बावीसतेवीस जनावरांचे शेण पाहिजे. वरील प्रमाणाने एवढ्या शक्तीत प्रत्येक वेळी सुमारे ५०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर येऊ शकते. इतके दूध एका गोठ्याचे नसते. म्हणून शेजारच्या चारपाच गोठ्यांनी एकत्र येऊन हे यंत्र घेणेच परवडेल.

आता एंजिनाकडे वळू. पुढील गोष्टी ठिणगीने पेटणाऱ्या एंजिनास लागू आहेत.

पहिली गोष्ट हवेची. गोबरगॅसमध्ये शेकडा ५० ते ६० भाग मिथेन असून बाकी बहुतेक कर्बद्विप्राणिल वायू असतो. शेकडा ६० मिथेन असलेल्या एका भाग वायूस पूर्ण जळण्यासाठी ५.७ भाग हवा लागते. हवा त्याहून थोडी अधिक दिल्यास वायूची बचत होते. फार अधिक दिल्यास एंजिन मधूनच चुकते. वायूच्या टाकीतील दाब अल्प असतो, यास्तव नळ रुंद असावा आणि त्याच्या सखल जागी साचलेले पाणी काढण्यास तोटी असावी.

दुसरी गोष्ट दाबाची व ठिणगीची. मिस्त्री लोक ज्यास कॉम्प्रेशन म्हणतात ते पेट्रोलच्या जुन्या एंजिनात सुमारे ८ पट असते. गोबरगॅस १२ पटीपर्यंतही ठोका न देता सोसतो, आणि दाब वाढविल्याने त्याच वायूत अधिक काम मिळते. मात्र हे काम कारखान्यातच करवावे. हा वायू पेट्रोलहून सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी अगोदर पडली पाहिजे. भार तोच ठेवून ठिणगी थोडथोडी पुढे आणावी आणि ज्या जागी वायू सर्वांत कमी लागेल ती जागा कायम करावी.

तिसरी गोष्ट गंधकाची. या वायूत गंधकाचा जो दुर्गंधी अंश असतो तो तांब्यापितळेचे भाग खातो व तेलात आम्ल उत्पन्न करतो. वायू गंजलेल्या लोखंडी किसाच्या थरातून न्यावा. कीस निकामी झाला म्हणजे बाहेर उघड्यावर, ओलसर ठेवून, पातळ पसरावा. ढीग केल्यास तो तापून पेट घेतो. एंजिनातील तेल काळे पडण्याची वाट पाहू नये, कारण वायूच्या एंजिनात ते स्वच्छ दिसत असताही आंबलेले असते. ठरलेल्या तासांनी ते बदलावे.

चौथी गोष्ट वेगाची. दूध थोडे असेल त्या दिवशी वायूचा मार्ग आवळून एंजिन पूर्ण वेगाने फिरवू नये. मार्ग मोकळा ठेवून वेग कमी करावा. अर्थात यंत्राच्या कर्त्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंतच.

यानंतर उष्णता गोळा करण्याचा क्रम. थंड पाणी प्रथम पंपाच्या ऊन बाजूने न्यावे, मग एंजिनाभोवतालच्या पाण्याने तापवावे व शेवटी धुराच्या नळाने. सर्व उष्णता पंपाकडूनच मागितली तर त्यास अधिक उंच चढवावे लागते आणि तो भार एंजिनावर पडतो. खोल विहिरीच्या मोटेस बैल अधिक दमतात, तसाच हा प्रकार आहे. तथापि एंजिनाची उष्णता ओरबाडून घेणेही बरे नव्हे. त्याच्या भोवतालचे पाणी ८० अंशांच्या आसपास राहिले पाहिजे, आणि धूर १५० अंशांखाली निववू नये. नाहीतर गंधकाचे आम्ल नळावर ठिबकून तो कुजवील.

एक इशारा. एंजिनाच्या धुरात कर्बएकप्राणिल नावाचा विषारी वायू असून त्यास वास नसतो. गंधकाचा वायूही विषारी असून प्रमाण वाढल्यावर त्याचा वास येईनासा होतो. यास्तव एंजिनाची खोली मोकळ्या वाऱ्याची असावी, धुराचा नळ छपराबाहेर न्यावा, आणि शुद्ध न केलेला वायू कोंदट जागी सोडू नये.

शेवटी, एक वही ठेवावी. किती वायू गेला, एंजिन किती तास चालले, किती दूध किती अंशांवर आले, तेल केव्हा बदलले, एवढे रोज लिहावे. तेवढ्याच दुधास वायू अधिक लागू लागला, की एंजिनात अथवा पंपात दोष शिरला असे समजावे. बैल थकला तर त्याच्या चालीवरून आपल्यास कळते. एंजिनाची चाल या वहीतच दिसते. ज्याची वही नीट आहे त्याला बिघाड होण्यापूर्वीच मिस्त्री बोलाविता येईल, आणि संध्याकाळचे दूध नासणार नाही.